पाना आपला, पासवर्ड त्यांचा

‘हरित रोजगार’ हा शब्द आता बजेटच्या भाषणात, कॉलेजच्या सेमिनारमध्ये आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत सारखा भेटतो. सोबतचा फोटोही ठरलेला असतो. पांढरं हेल्मेट घातलेला तरुण आणि मागे सोलर पॅनेलच्या रांगा. आपल्या मोहल्ल्यातला पोरगा तो फोटो बघतो आणि पान उलटतो. हे आपलं नाही, असं त्याला वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. शेती आणि वाहतुकीतलं हे काम आधीपासून कुणाच्या हाताला येत असेल, तर ते याच पोराच्या उस्तादाच्या. पण ते त्याच्यापर्यंत पोहोचू नये अशी व्यवस्था आपल्या डोळ्यांदेखत उभी राहते आहे आणि आपण तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या ताफ्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. कुठली गाडी कुठे आहे, कुणाची बॅटरी तापली, कुठे कसला बिघाड आला, हे माझ्या स्क्रीनवर दिसतं. माझे मामू मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतात. जळालेली पाण्याची मोटार उघडायची, तांब्याची तार नव्याने भरायची, वार्निश लावून वाळवायची आणि शेतकऱ्याला परत द्यायची. तीस वर्षं हेच काम. आम्ही दोघं एकाच धंद्यात आहोत असं मी म्हणतो तेव्हा घरातले हसतात. पण ते खरं आहे. बसमध्ये मोटार आहे, रिक्षात मोटार आहे, विहिरीवर मोटार आहे. फरक इतकाच की मला त्या यंत्राच्या आत जायची परवानगी आहे आणि मामूंना नाही.

जुना हिशोब

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यातले शिक्षणाचे आणि सरकारी नोकरीचे आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत. रोजगाराचं प्रकरण मात्र फार थोड्यांनी वाचलं. देशातले सुमारे ६१ टक्के मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात आहेत, असं त्या अहवालात म्हटलं होतं. ज्या धंद्यांत आपलं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, त्यांत जमिनीवरची वाहतूक आणि वाहनांची विक्री-दुरुस्ती हे धंदे होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एकदा चक्कर मारली तरी हे कळतं. त्यासाठी अहवालाची गरज नाही.

म्हणजे डिझेलचं इंजिन जाऊन बॅटरी येते, तेव्हा तो फक्त पर्यावरणाचा विषय राहत नाही. आपल्या चुलीचा विषय होतो. इंजिनमध्ये शेकडो हलते भाग असतात. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच, ऑइल फिल्टर, सायलेन्सर. त्यातला प्रत्येक भाग कुणाची तरी रोजी आहे. इलेक्ट्रिक गाडीत हे भाग बहुतेक नसतातच. ऑइल बदलायचं नाही, प्लग साफ करायचा नाही. महाराष्ट्राने २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत दहा टक्के वाहनं इलेक्ट्रिक असावीत असं उद्दिष्ट ठेवलं होतं. २०२५ मध्ये पुढचं धोरण आलं. दिशा ठरलेली आहे. ती बदलावी असं मी म्हणतही नाही. गोवंडीच्या आणि कुर्ल्याच्या हवेत वाढणाऱ्या मुलांनी डिझेलच्या धुराची बाजू घ्यावी, असं कोण म्हणेल?

पण यंत्र बदललं की माणसाचं काय होतं, हे आपल्या आडनावांत लिहिलेलं आहे. पिंजारी हे आडनाव राहिलं, पिंजण गेली. शिकलगार राहिले, धार लावायचं काम गेलं. स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाला गल्लीतून नाहीसा झाला. टांगेवाल्यांची पोरं रिक्षावर आली. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. प्राण्यांच्या हालाचा मुद्दा रास्तच होता, पण गाडीवानांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मागे रेंगाळत राहिला. याउलट मालेगाव आणि भिवंडीचे विणकर हातमागावरून यंत्रमागावर गेले आणि आजवर कसेबसे का होईना टिकले. का टिकले? माझ्या मते, नवं यंत्र त्यांच्या स्वतःच्या घरात आलं. त्यांना ते उघडता आलं, बिघडल्यावर जोडता आलं, शेजाऱ्याला शिकवता आलं. यंत्र नवं असणं हा धोका नसतो. यंत्राला कुलूप असणं हा धोका असतो.

आजच्या यंत्राला तीन कुलुपं आहेत.

पहिलं कुलूप: कागद

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ‘सोलर टेक्निशियन’ हा एक वर्षाचा आहे. दोन्ही चांगले आहेत. दहावी झालेल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने त्यांची चौकशी करावी. पण ज्याने सातवीत शाळा सोडून गॅरेज धरलं आणि आज पस्तिशीत नुसत्या आवाजावरून गाडीचा आजार सांगतो, त्याचं काय? आयटीआयच्या या ट्रेडना दहावी लागते. केंद्र सरकारच्या ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणाला त्यावर आयटीआयचं प्रमाणपत्रही लागतं.

२०२३ मध्ये ‘पीएम विश्वकर्मा’ योजना आली. पारंपरिक कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि स्वस्त कर्ज. यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुलुपवाला आहे, शिंपी आहे, न्हावी आहे. त्यांना मिळायलाच हवं. पण गाडीचा मिस्त्री त्यात नाही, मोटार वाइंडिंगवाला नाही, वायरमन नाही. तीन पिढ्या गॅरेजमध्ये काम केलेलं घराणं सरकारच्या दृष्टीने कारागीर ठरत नाही. हात काळे असले तरी परंपरा लागते, आणि आपली परंपरा मोजली गेलेली नाही.

‘आधीच्या शिक्षणाची मान्यता’ अशी एक सोय कौशल्य विकास योजनेत आहे. ज्याला काम येतं त्याची परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. कल्पना उत्तम आहे. पण ती गॅरेजपर्यंत चालत येणार नाही. तिला कुणीतरी हाताला धरून आणावं लागेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. इलेक्ट्रिक बसची बॅटरी काही शे व्होल्टची असते. तिथे ‘बघून बघून शिकलो’ चालत नाही. चुकीचा हात लागला तर माणूस जागच्या जागी मरतो. सीएनजी किट आलं तेव्हा आपले मिस्त्री ते उघडून शिकले, तसं इथे करू नका. रीतसर शिका, रबरी हातमोजे घाला, आधी वीज तोडा. मला हे मान्य आहे. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? मिस्त्रीला प्रशिक्षण द्या, हाच ना? की त्याला दारातच थांबवा?

दुसरं कुलूप: पासवर्ड

हे कुलूप मी रोज बघतो, म्हणून याबद्दल जरा ठासून बोलतो.

आजच्या गाडीत बिघाड झाला की ती एक कोड दाखवते. त्या कोडचा अर्थ कंपनीच्या सॉफ्टवेअरला माहीत असतो. भाग बदलला तरी सॉफ्टवेअरने त्याला ‘ओळखलं’ नाही तर गाडी सुरू होत नाही. यातलं काही सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. पण बरंचसं निव्वळ धंद्यासाठी आहे. कोड लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, कुठलं कुलूप आगीपासून वाचवतं आणि कुठलं कुलूप गिऱ्हाईकाला बांधून ठेवतं, हे आम्हाला नीट कळतं.

हा प्रश्न बॅटरीसोबत आलेला नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा त्यातला मुख्य ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. पण गल्लीतल्या गॅरेजवाल्याला व्यवहारातून हुसकावणं हा कायद्याचा प्रश्न आहे, हे त्या दिवशी देशाने कागदावर मान्य केलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रं निवडली. त्यांतली दोन होती शेतीची अवजारं आणि वाहनं. हा विषय आपल्या दारात येऊन उभा आहे. आपल्यापैकी किती संघटनांनी त्यावर निवेदन दिलं?

शेतीत हे कुलूप आणखी बोचतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी किमतीच्या दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी पाच टक्के. बाकीचा भार सार्वजनिक पैशाचा. पंप बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते. कागदावर छान आहे. पण कापसाला पाणी द्यायच्या दिवसांत पंप बंद पडला आणि कंपनीचा माणूस चार दिवस आला नाही, तर शेतकरी कुठे जाणार? तो मामूंच्या दुकानात येतो. मामू मोटार तपासतात. मोटार ठीक असते, दोष कंट्रोलरमध्ये असतो. कंट्रोलरला हात लावला तर हमी गेली आणि नाही लावला तर पीक गेलं. मामू शेतकऱ्याला चहा पाजून परत पाठवतात. पाच वर्षं संपल्यावर काय, याचं उत्तर त्या शेतकऱ्याकडे नाही आणि मामूंकडेही नाही. गावोगाव हजारो पंप बसतात आणि ते दुरुस्त करणारा गावातला माणूस त्याच योजनेत कुठेही नाही.

ज्या यंत्रावर जनतेचा पैसा लागला, त्याची दुरुस्तीची पुस्तिका जनतेची हवी. इतकी साधी ही मागणी आहे.

तिसरं कुलूप: कंत्राट

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही इलेक्ट्रिक बस धावली. या दोन तारखांच्या मधल्या काळात एसटीच्या डेपोत हजारो घरं उभी राहिली. यांत्रिक, चालक, वाहक यांची. त्यांत आपलीही होती. खाकी कपडे, महिन्याचा पगार, भविष्य निर्वाह निधी. पोराला एसटीत चिकटवलं की बाप निवांत व्हायचा.

आता इलेक्ट्रिक बस येते ती बहुतेक भाडेतत्त्वावर. बस कंपनीची, चालक कंपनीचा, दुरुस्ती कंपनीची. महामंडळ किलोमीटरमागे पैसे मोजतं. एसटीने ५,१५० इलेक्ट्रिक बससाठी असाच करार केला. बेस्टमध्ये ही पद्धत आधीपासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा आठवडाभर मुंबईकर थांब्यांवर ताटकळले. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेत भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, आपल्या वस्तीतली माणसं गेली. चालकाला या नव्या पद्धतीच्या बसचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं होतं का, हा प्रश्न त्यानंतर सगळ्यांनी विचारला. तो आधी विचारायला हवा होता, कंत्राटाच्या कागदावर सही होण्याच्या आधी.

बस हिरवी झाली म्हणजे नोकरी हिरवी होत नाही. धूर निघत नाही म्हणून कामगाराचं शोषण होत नाही, असंही नाही. बॅटरीच्या गाडीवर बारा-बारा तास काढणारा आणि शिकाऊ पगारात अडकलेला माणूस पर्यावरणाच्या जाहिरातीत शोभतो, स्वतःच्या घरात नाही.

भंगारवाला हाही हरित कामगारच

एका कामाबद्दल बोलायला आपल्यालाच लाज वाटते, म्हणून मुद्दाम बोलतो. कुर्ल्यात, धारावीत, गोवंडीत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या शहराचा टाकाऊ माल वेगळा करतात आणि पुन्हा कारखान्याकडे धाडतात. याला परदेशात मोठी नावं आहेत. आपण ‘कबाडी’ म्हणतो आणि लग्नाच्या बोलणीत लपवतो.

येत्या काळात बॅटऱ्यांचा ढीग येणार आहे. ई-रिक्षांच्या शिशाच्या बॅटऱ्या तर आजच येत आहेत. त्या उघड्यावर फोडल्या आणि वितळवल्या की शिसं हवेत, मातीत आणि लहान मुलांच्या रक्तात जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. म्हणजे या कामात आता अधिकृत पैसा येणार. तो मोठ्या प्लांटवाल्यांकडे जाईल आणि आपल्या वस्तीला फक्त शिसं उरेल, असं होऊ शकतं. किंवा भंगारवाल्यांनी सहकारी संस्था काढून परवानाधारक संकलन केंद्रं चालवावीत, बॅटरी न फोडता पुढे द्यावी आणि दर पावतीवर घ्यावा, असंही होऊ शकतं. दुसरी गोष्ट आपोआप होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

घरातली कुलुपं

सरकारला आणि कंपन्यांना बोलून झालं. आता आपल्याकडे वळतो.

आपल्या जलशांत करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम होतात. व्यासपीठावर एक डॉक्टर, एक यूपीएससी पास झालेला अधिकारी आणि एक माझ्यासारखा आयटीवाला. समोर बसलेल्या दोनशे मुलांपैकी किती जण तिथवर जातील? उरलेल्यांना आपण न बोलता सांगतो की तुम्ही नापास. त्या व्यासपीठावर मी एकही बॅटरी मिस्त्री, एकही सोलर टेक्निशियन पाहिलेला नाही. ज्या कौमीचं निम्म्याहून अधिक पोट हुनरावर चालतं, ती हुनराचा सत्कार करत नाही.

आणि मुली? त्यांच्यासाठी आपल्याकडे एकच यंत्र आहे, शिलाई मशीन. दर रमजानला वाटप, दर वर्षी फोटो. शिलाईला मी कमी लेखत नाही. पण राज्यात ‘पिंक ई-रिक्षा’ योजना आली, केंद्राची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायला निघाली, तेव्हा आपल्या किती बचत गटांनी अर्ज केला? सर्किट बोर्ड जोडायला, कंट्रोलर तपासायला ताकद लागत नाही, नजर आणि सबुरी लागते. मुलगी गॅरेजात जाणार नाही असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी निदान कंट्रोलर घरात आणून द्यावा.

तिसरी गोष्ट म्हणजे आपला राग. तो रास्त आहे. बहिष्काराच्या हाका, भाड्याने घर न मिळणं, रोजची संशयी नजर, हे सगळं मी भोगतो. पण आपली सगळी ताकद उत्तर देण्यात जाते, मागण्यात जात नाही. रोजगाराची मागणी ही कमी महत्त्वाची मागणी नाही. आणि ती एकट्याने करायचीही नाही. मामूंच्या शेजारचं टायरचं दुकान मराठा पोराचं आहे, पलीकडचा वेल्डर बौद्ध आहे. कागद, पासवर्ड आणि कंत्राट ही तीन कुलुपं त्यांच्याही दारावर आहेत. आपण हा प्रश्न उचलला तर तो आपोआप सगळ्या मिस्त्रींचा होतो. नागरिक म्हणून मागणं म्हणजे आणखी काय असतं?

मागायचं काय?

एक. मिस्त्रीची परीक्षा त्याच्या गॅरेजात, त्याच्या भाषेत, हाताने घ्या. दहावीची अट प्रमाणपत्राला लावू नका. आयटीआयमध्ये संध्याकाळच्या तुकड्या काढा, म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार नाही. विश्वकर्मा योजनेत वाहन आणि पंप दुरुस्ती घाला.

दोन. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा. तो होईपर्यंत, अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला दुरुस्तीची पुस्तिका, सुटे भाग आणि तपासणीचं सॉफ्टवेअर वाजवी दरात प्रशिक्षित स्थानिक मिस्त्रीला द्यायला लावा. सौर पंपाच्या प्रत्येक तालुक्यात तिथलेच तंत्रज्ञ नोंदवा.

तीन. इलेक्ट्रिक बसच्या करारात किमान पगार, कामाचे तास आणि प्रशिक्षणाचे दिवस लिहा. करार जनतेसमोर ठेवा. डेपोतल्या जुन्या यांत्रिकांना आधी शिकवा.

चार. बॅटरी संकलनात भंगारवाल्यांच्या सहकारी संस्थांना परवाना आणि संरक्षक साधनं द्या.

यातलं काहीही खैरात नाही. आणि सुरुवात करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनाचा ट्रेड आहे का, किती जागा आहेत, किती रिकाम्या राहिल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा की गॅरेजला नवी साधनं घ्यायला कर्ज मिळतं का, आणि नाही म्हणाले तर ते लेखी मागा. मोहल्ल्यातल्या गॅरेजांची यादी करा. कोण काय दुरुस्त करतो, किती वर्षं, किती शिकला. शादीखाना लग्नाचे दिवस सोडून रिकामाच असतो. तिथे महिन्यातून दोन रविवार एखाद्या आयटीआयच्या निदेशकाला बोलवा.

आणि माझ्यासारख्यांनाही सांगणं आहे, जे शिकून पुण्या-बंगळुरूला निघून गेले आणि ईदपुरते घरी येतात. आपल्याला पासवर्डच्या आतलं जग कळतं. कंट्रोलरचे दोष, त्यांचे अर्थ, वीज सुरक्षितपणे कशी तोडायची, हे मराठीत आणि उर्दूत सोपं करून लिहिणं आपल्याला जमतं. कंपनीची गुपितं फोडायची गरज नाही. पाठ्यपुस्तकात असलेलंच मिस्त्रीच्या भाषेत आणायचं आहे. मी पंपाच्या कंट्रोलरपासून सुरुवात केली आहे. पहिली आठ पानं मामूंनी वाचली आणि तीन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. तिन्ही बरोबर होत्या.